'लवकर' नेमकं कोणाला मिळालं? बाळांच्या ग्रोथ हॉर्मोनवरचे पेपर वाचताना

काही पेपरांचं शीर्षकच आपल्याला थांबवतं. मायकेल रांके आणि सहकाऱ्यांचा २००५ चा एक पेपर 'जर्नल ऑफ क्लिनिकल एंडोक्रायनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम'मध्ये आहे. विषय आहे ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेली तीन वर्षांपर्यंतची मुलं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: या लहानग्यांमध्ये हॉर्मोनला प्रतिसाद जास्त, पण प्रतिसादक्षमता कमी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे एकमेकांच्या विरुद्ध आहे असंच वाटलं. म्हणून मी काय केलं, तर त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलला आणि आमच्या जर्नल क्लबमध्ये स्लाईडवर ठळक अक्षरात लिहिलं: "उपचार जितका लवकर, तितका फायदा जास्त."

मागच्या रांकेत एक बालरोगतज्ज्ञ मॅडम बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अरे, ही बाळं पहिल्या वर्षातच सापडली ती कशी? उंची कमी म्हणून तर कुणी आणलं नसेल ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल, मुलाखतीसाठी एखादा क्लिनिकल पेपर तयार करत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी कुणीतरी विचारणारच आहे. (पालक कुणी वाचत असतील तर: हा उपचाराचा सल्ला नाही. पेपर कसा वाचायचा एवढ्यापुरतंच हे आहे.)

आधी थोडं जीवशास्त्र, कारण त्याशिवाय मॅडमचा प्रश्न कळत नाही. पोटातल्या बाळाची वाढ मुख्यतः इन्सुलिन आणि इन्सुलिनसारख्या वाढ-घटकांवर, म्हणजे आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२ वर चालते. बाळाच्या स्वतःच्या ग्रोथ हॉर्मोनचा त्यात वाटा फार कमी. त्यामुळे जन्मतःच हे हॉर्मोन नसलेलं बाळसुद्धा जन्माला येताना लांबीला जवळजवळ इतरांसारखंच असतं. मागे पडणं दिसायला लागतं ते पुढच्या काही महिन्यांत, आणि आईवडिलांच्या डोळ्यांवर यायला तर अजून उशीर लागतो. शाळेत रांगेत सगळ्यात पुढे उभं राहायला लागलं, शेजारच्या धाकट्याने मागे टाकलं, की मग दवाखाना.

मग पहिल्याच वर्षात कोण सापडतं? ज्याची रक्तातली साखर जन्मल्यावर पुन्हा पुन्हा धोकादायक खाली जाते ते. ज्याची कावीळ आठवडेच्या आठवडे उतरत नाही ते. मुलगा असेल तर ज्याचं लिंग नेहमीपेक्षा बरंच लहान आहे तो. टाळू फाटलेली किंवा डोळ्यांच्या नसांचा विकास अपुरा असलेली काही बाळं. आणि यांच्यातल्या अनेकांना फक्त ग्रोथ हॉर्मोन कमी नसतं. पियुषिका ग्रंथीच नीट तयार झालेली नसते, त्यामुळे कॉर्टिसोल आणि थायरॉइडचीही बोंब असते. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या युए, कॅरेल आणि सहकाऱ्यांनी एक वर्षाच्या आत उपचार सुरू झालेल्या बाळांचा दीर्घ पाठपुरावा छापला. त्यातल्या बहुसंख्य बाळांना जन्मानंतर साखर कमी होण्याचा त्रास झालेला होता. म्हणजे ही 'लवकर उपचार मिळालेली' मुलं नाहीत फक्त. ही जास्त आजारी मुलं आहेत, आणि जास्त आजारी होती म्हणूनच लवकर सापडली.

अमेरिकेतल्या पीडियाट्रिक एंडोक्राइन सोसायटीची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. नवजात बाळाची साखर कमी आहे, तेव्हा घेतलेल्या नमुन्यात ग्रोथ हॉर्मोन लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही, आणि जोडीला पियुषिकेचं आणखी एखादं हॉर्मोन कमी आहे किंवा एमआरआयमध्ये ग्रंथीची ठरावीक विकृती दिसते, तर इतर चाचण्यांची वाट न पाहता निदान करता येतं. डॉक्टरच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं आहे. एवढ्याशा बाळावर उत्तेजक चाचण्या करणं जोखमीचं असतं. पण संशोधकाच्या दृष्टीने बघा: कमी साखर ही गटात शिरायची जवळजवळ अटच झाली. आता या गटाची तुलना सात वर्षांचा होऊन उंचीसाठी आलेल्या मुलाशी करायची आणि फरकाचं श्रेय 'लवकर'ला द्यायचं? दोघांच्या आजाराचं नाव एक आहे, एवढंच.

याला आपल्या भाषेत कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. परीक्षेपुरती व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मलाही होती. तरी स्लाईड केलीच की.

आता रांकेंच्या शीर्षकातल्या दोन शब्दांकडे येऊ. प्रतिसाद म्हणजे मूल किती वाढलं. प्रतिसादक्षमता म्हणजे मिळालेला डोस आणि इतर गोष्टी हिशोबात धरून त्याने किती वाढायला हवं होतं, त्या मानाने किती वाढलं. हा फरक त्यांनी शीर्षकातच केला, ही त्या पेपरची खरी ताकद. दुर्दैवाने त्याचा उल्लेख करताना पुष्कळदा पहिला अर्धाच टिकतो, कारण तोच घोषणेसारखा वापरता येतो.

फरक समजायला एक कल्पित हिशोब करून पाहा. वही घ्या खरंच. निरोगी बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षात १२, तिसऱ्यात ८, आणि आठव्याच्या आसपास वर्षाला ५-६. समजा, एक वर्षाच्या बाळाला उपचार सुरू केले आणि ते पुढच्या वर्षात १६ सेंमी वाढलं. आठ वर्षांच्या मुलाला सुरू केले आणि ते १० सेंमी वाढलं. कोण जिंकलं? सरळ सेंटिमीटर मोजले तर बाळ. पण त्या वयाच्या निरोगी मुलापेक्षा जास्त किती वाढलं, हे पाहिलं तर बाळ ४ सेंमी आणि मोठा मुलगा साधारण साडेचार. निकाल उलटा.

अजून एक मापट्टी आहे, आणि बहुतेक पेपर तीच वापरतात: एसडीएस, म्हणजे त्या वयाच्या सरासरीपासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत एक वर्षाच्या मुलग्यांच्या लांबीचं प्रमाण विचलन साधारण २.४ सेंमी आहे. दोन वर्षांचं साधारण ३. आठ-नऊ वर्षांचं ६ च्या जवळ. आपलं बाळ एक वर्षाचं असताना सरासरीपेक्षा १० सेंमी मागे आहे असं धरा. एसडीएस झाला -४.२. वर्षभर ते निव्वळ निरोगी बाळाच्या वेगाने वाढलं, एक सेंटिमीटरही भरून काढला नाही, तरी दोन वर्षांचं होताना ते १० सेंमीच मागे असेल, पण भागाकार आता ३ ने. एसडीएस -३.३. जवळजवळ ०.९ ची 'सुधारणा' नुसत्या भाजकामुळे! आठ वर्षांचा मुलगा २० सेंमी मागे होता, त्याने खरोखर साडेचार सेंमी भरून काढले, आणि त्याची सुधारणा किती? -३.५ वरून -२.६. तीही ०.९ च.

इथे मला न्यायाने बोलायला हवं. उपचार नसते तर ते बाळ निरोगी वेगानेही वाढलं नसतं, अजून मागे पडलं असतं. म्हणजे ती ०.९ अगदीच फुकटची नाही. पण 'लहान मुलांमध्ये एसडीएस जास्त सुधारला' हे वाक्य वाचून 'औषध लहानपणी जास्त जोरात काम करतं' असा अर्थ काढलात, तर तुम्ही भाजकाच्या वागण्याला औषधाचा गुण समजलात. सेंटिमीटर, निरोगी मुलांपेक्षा जास्तीची वाढ, एसडीएस: तीन मापट्ट्या, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. पेपरने कोणती निवडली आणि का, हे पद्धतीच्या भागात सापडायला हवं.

जुन्या अभ्यासांत आणखी एक गोम असते, ती काळाची. मॉरिस राबेन यांनी १९५८ मध्ये मानवी ग्रोथ हॉर्मोनचा पहिला यशस्वी उपचार जाहीर केला, तेव्हापासून १९८५ पर्यंत हे हॉर्मोन मृतदेहांच्या पियुषिका ग्रंथींतून काढत. साठा अपुरा, वाटप मोजूनमापून. १९८५ मध्ये त्यातून काही जणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं कळलं, अमेरिकेत वाटप थांबलं, आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या हॉर्मोनला तिथे परवानगी मिळाली. त्यानंतर पुरवठ्याची अडचण संपली, रोजचं इंजेक्शन रूढ झालं. आता विचार करा: दीर्घ पाठपुराव्याच्या एखाद्या अभ्यासात 'उशिरा उपचार' गटातली मुलं जर जुन्या काळातली असतील, तर त्यांना उशीर झाला तसंच औषधही कमी मिळालं. दोष कशाचा धरणार? त्यामुळे उपचार सुरू झाल्याचं वय दिलेलं असतं तसं सुरू झाल्याचं इसवी सनाचं वर्षही शोधा. ते नसेल तर मी तो पेपर थोडा बाजूला ठेवतो.

आणि डेटा कोणाचा, हेही. रांकेंचा पेपर 'किग्ज' नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीवर उभा आहे. ती १९८७ मध्ये सुरू झाली, औषध बनवणाऱ्या काबी कंपनीने चालवली, मग मालकी बदलत ती फायझरकडे गेली. कंपनीची नोंदवही म्हणजे खोटी, असं अजिबात नाही. इतक्या दुर्मिळ आजाराची इतकी मुलं एकत्र आणणं दुसऱ्या कुणाला जमलं असतं का, याची मला शंका आहे. पण अशा नोंदवहीत शिरायची अटच औषध सुरू होणं ही असते. ज्याला औषध मिळालंच नाही ते मूल तिथे असू शकत नाही. ज्या बाळाचं निदान होण्याआधीच साखर पडून किंवा कॉर्टिसोलअभावी काही बरंवाईट झालं, ते तर कुठल्याच गटात नाही, 'उशिरा' गटातही नाही. लवकर निदानाचा सगळ्यात मोठा फायदा ज्यांना झाला असता ती बाळं आलेखावर एक ठिपकासुद्धा नाहीत. गंमत बघा, पूर्वग्रह इथे उलट्या दिशेला जातो: उंचीचे आलेख लवकर उपचाराचा फायदा कदाचित फुगवतात, आणि जीव वाचण्याचा फायदा लपवतात.

उपचारच न मिळालेली माणसं कुठे भेटतील मग? ब्राझीलमध्ये सर्जिपे राज्यातल्या इताबायानिन्यात. तिथल्या एका मोठ्या विस्तारित कुळात ग्रोथ हॉर्मोन सोडायला सांगणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टर जनुकात दोष आहे. साल्वातोरी यांच्या गटाने तो १९९९ मध्ये दाखवला. त्या प्रौढांची उंची साधारण साडेतीन ते साडेचार फूट. आपल्याकडचं उदाहरणही आहे. त्याच जनुकातला दुसरा एक दोष १९९६ मध्ये मूळच्या भारतीय मुस्लिम कुटुंबात सापडला, १९९८ मध्ये तोच सिंधमधल्या कुटुंबांत, आणि २००५ मध्ये मुंबईच्या मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या कुटुंबांत त्याचा शोध घेतलेला अभ्यास छापला. इताबायानिन्यातल्या उपचार न मिळालेल्या लोकांचं आयुष्यमान २०१० मध्ये तपासलं गेलं, आणि विशी ओलांडलेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा कमी आढळलं नाही.

हे वाचून "मग उपचाराची गरजच काय" असं म्हणू नका. या लोकांमध्ये फक्त ग्रोथ हॉर्मोनची साखळी तुटलेली आहे. कॉर्टिसोल, थायरॉइड शाबूत. शिवाय मॅडमचा प्रश्न इथेही लागू होतो: अभ्यासकांना भेटले ते मोठे होईपर्यंत जगलेलेच. पण यातून एक गोष्ट पक्की कळते, की एकट्या हॉर्मोनची कमतरता आणि अख्ख्या ग्रंथीचा बिघाड हे दोन वेगळे आजार म्हणून वाचायला हवेत. ज्या पेपरमध्ये दोन्हींची एकत्र सरासरी काढली आहे, तिथला निष्कर्ष नेमका कोणत्या बाळाला लागू, हे कुणी सांगू शकणार नाही.

साखरेच्या बाबतीत पुरावा मला जास्त पटतो, आणि का पटतो ते सांगतो. तिथे कार्यकारणाची साखळी माहीत आहे: उपाशीपणी कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध बाजूला उभे राहून साखर टिकवतात. परिणाम दिसायला अठरा वर्षं थांबावं लागत नाही. आणि तुलना त्याच बाळाशी असते, आधी आणि नंतर. लहान नमुन्यातही असा पुरावा वजनदार ठरतो. तरी एक खोच आहेच. अनेक हॉर्मोन कमी असलेल्या बाळाला कॉर्टिसोल आधी देतात, मग थायरॉइड, ग्रोथ हॉर्मोन त्यानंतर. या क्रमाला कारण आहे: ग्रोथ हॉर्मोन सुरू केल्यावर शरीरात कॉर्टिझोनचं कॉर्टिसोल होणं मंदावतं, आणि झाकलेली कॉर्टिसोलची कमतरता उघडी पडू शकते. म्हणजे काही आठवड्यांत दोन-तीन औषधं आणि शिरेतून ग्लुकोज, सगळं मागेपुढे. साखर सुधारली ती कशाने? ज्या पेपरमध्ये प्रत्येक औषधाची तारीख आणि साखरेच्या नोंदी शेजारी शेजारी दिल्या आहेत, तो दहा बाळांचा असला तरी मी शंभर बाळांच्या सरासरीआधी वाचेन.

आता लवकर शोधण्याच्या चाचणीबद्दल, थोडक्यात. जर्मनीतल्या बिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सुंदर कल्पना राबवली. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जे कागदी कार्ड बनवतात, त्यावरच ग्रोथ हॉर्मोन मोजायचं. पहिल्या दिवसांत निरोगी बाळाचं हॉर्मोन चढंच असतं, त्यामुळे कमी आकडा उठून दिसतो. लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम या सीमेला संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के निघाली. १०० टक्के पाहून हुरळून जाऊ नका. आजार दुर्मिळ, त्यामुळे आजारी बाळांचा गट छोटाच असतो. समजा, दहापैकी दहा बाळं पकडली, तर ९५ टक्के विश्वास-अंतराल सुमारे ६९ ते १०० असा येतो. आणि ९८ टक्के? कमतरतेचं प्रमाण साधारण ४,००० ते १०,००० बाळांमागे एक असं सांगतात. सगळ्या १०,००० बाळांवर ही चाचणी लावली तर एक-दोन खरी सापडतील आणि जवळपास २०० घरांत विनाकारण धास्ती पसरेल. ज्याची साखर पडते आहे अशाच बाळावर वापरली तर हीच चाचणी कामाची, आणि लेखकांचा रोखही गंभीर कमतरतेच्या निदानावरच होता. तिला सरसकट तपासणी बनवायचा उत्साह आपल्यासारख्या वाचकांचा.

"यादृच्छिक चाचणीच का करत नाहीत?" हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. साखर पडणाऱ्या बाळाला मुद्दाम औषध न देणं कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण डोस किती हवा किंवा रोजचं इंजेक्शन की आठवड्याचं, हे प्रश्न तर यादृच्छिक पद्धतीने तपासता येतात. आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ते झालं, पण मुख्यतः अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांवर. लोनापेगसोमाट्रोपिनला २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती एक वर्षावरच्या आणि किमान ११.५ किलो वजनाच्या मुलांसाठी. पहिल्या वर्षातलं बाळ तिथेही बाहेर राहिलं.

माझी स्लाईड मी नंतर बदलली. आता तिथे एक तक्ता आहे: प्रत्येक अभ्यासातली मुलं कशासाठी दवाखान्यात आली, कोणती हॉर्मोन कमी होती, उपचार कोणत्या साली सुरू झाले, वाढ कोणत्या मापट्टीने मोजली. बऱ्याच चौकटी रिकाम्या आहेत, पेपरमध्ये माहितीच दिलेली नाही म्हणून. तुम्ही यावर काम करणार असाल तर सुरुवात त्या रिकाम्या चौकटींपासून करा.